सर्व्हरची निवड आणि देखभालीची मुदत

भाईंदर स्टेशनावर पूर्वेच्या बाजूस उतरून औद्योगिक वसाहतींच्या गल्ल्यांतून जो कोणी एकदां फिरला असेल, त्याच्या कानांत पत्रा कापण्याचा व भांड्यांस पॉलिश करण्याचा आवाज कित्येक वेळ घुमत राहिला असेल. स्टेनलेस स्टीलचीं भांडीं करणारे लहान लहान कारखाने हें आमच्या गांवाचें एक वैशिष्ट्यच होय. ह्या कारखान्यांत पत्रा दाबणारा नवा प्रेस घ्यावयाचा झाल्यास मालक चार ठिकाणीं चौकशी करतो. त्याचे सुटे भाग पुढें मिळत राहतील कीं नाहीं, हें विचारल्यावांचून पैसा हातांतून सोडीत नाहीं. परंतु त्याच कारखान्याच्या माळ्यावर, हिशेबाच्या खोलींत टेबलाखालीं ठेवलेलें जें यंत्र सगळ्या धंद्याचीं बिलें, येणीं-देणीं व मालाचा साठा सांभाळतें, त्या सर्व्हरविषयीं मात्र "स्वस्तांत काय पडेल?" ह्यापलीकडे प्रश्न क्वचितच विचारला जातो. ह्या वार्षिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा लहानमोठा धंदा असल्यामुळें, सर्व्हर चालविणारी प्रणाली कशी निवडावी, ह्याचा थोडासा विचार येथें करावयाचें योजिलें आहे.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. कारखान्यांत चार कारकून चार संगणकांवर बिलें करीत बसले, तर प्रत्येकाची वही निराळी होऊन चालत नाहीं. वही एकच असावी आणि ती चौघांच्याहि हातीं एकाच वेळीं असावी, ही सोय ज्या यंत्रानें होते तें यंत्र म्हणजे सर्व्हर. यंत्राचें लोखंड कोणत्याहि कंपनीचें असो. त्यावर बसविलेली ऑपरेटिंग सिस्टिम हाच त्याचा खरा मुनीम होय. कोणास आंत घ्यावें, कोणास बाहेर ठेवावें, कोणती वही कोणास दाखवावी, हें सर्व तीच ठरविते. लहान धंद्यांत ह्या कामीं मुख्यतः दोन घराणीं आढळतात: एक मायक्रोसॉफ्ट कंपनीचें विंडोज सर्व्हर, आणि दुसरें लिनक्स. लिनक्सच्या घराण्यांत पुन्हां डेबियन, उबुंटू, रेड हॅट, अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स अशा शाखा आहेत. एवढ्या नांवांनीं कोणी गोंधळून जाऊं नये. विचारावयाचा पहिला प्रश्न सर्वांस सारखाच लागू पडतो, आणि तो असा कीं, हिची देखभाल कोण करणार, व कोणत्या तारखेपर्यंत करणार?

देखभाल ह्या शब्दाचा अर्थ समजण्यास आमच्या खाडीकांठच्या मिठागरांकडे पाहिलें म्हणजे पुरे. मिठागराचा बांध एकदां घातला म्हणजे काम संपलें, असें होत नाहीं. खेकडे त्यांत बिळें करतात, पावसानें माती खचते, आणि भरतीचें पाणी दिवसांतून दोन वेळां येऊन कोठें फट सांपडते कां, तें चांचपून पाहतें. फट दिसतांच आगरांतील कामकरी घमेलेंभर चिखल आणून ती बुजवितो. सर्व्हरच्या प्रणालीचेंहि तसेंच आहे. ती माणसांनींच लिहिलेली असल्यामुळें तींत चुका राहिलेल्या असतात व त्या पुढें वर्षानुवर्षें एकेक करून उघडकीस येतात. चूक उघडकीस आली कीं जगांतील चोर तेवढीच फट धरून लाखों यंत्रांचे दरवाजे ठोठावून पाहतात. आणि प्रणाली करणारे लोक त्या फटीवर लावण्यासाठीं ठिगळ प्रसिद्ध करतात, त्यास पॅच म्हणतात. असें ठिगळ देणारा जोंपर्यंत आहे तोंपर्यंत प्रणाली सुरक्षित म्हणावयाची. ठिगळें मिळणें ज्या दिवशीं बंद होतें त्या दिवशीं यंत्र मात्र बंद पडत नाहीं, आणि हीच त्यांतील फसवी गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें नेहमीप्रमाणें सुरू होतें, बिलें छापतें, आणि मालक समाधानानें चहा पितो. बांधावरचा राखणदार निघून गेला आहे, हें आंतील मिठास कळावें कसें?

भरती मात्र यावयाची ती येतेच. २०१७ च्या मार्च महिन्याच्या १४ तारखेस मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका मोठ्या फटीवर ठिगळ प्रसिद्ध केलें. त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनीं, १२ मे रोजीं, 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रव जगभर पसरला व ज्यांनीं ठिगळ लावण्याचा कंटाळा केला होता त्यांच्या वह्या कुलूपबंद करून खंडणी मागूं लागला. विंडोज सर्व्हर २००३ वापरणारांची अवस्था ह्याहून वाईट होती. त्या प्रणालीची मुदत १४ जुलै २०१५ रोजींच संपलेली असल्यामुळें कंटाळा न करणारासहि लावावयास ठिगळच नव्हतें; अनर्थ घडल्यानंतर कंपनीनें तें अपवाद म्हणून दिलें. पुढच्याच महिन्यांत, २७ जून २०१७ रोजीं, 'नॉटपेट्या' नांवाचा दुसरा उपद्रव उद्भवला. त्याचा उगम युक्रेन देशांत वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमध्यें होता. परंतु त्याचा तडाखा आमच्या न्हावाशेव्यापर्यंत येऊन पोहोंचला. जवाहरलाल नेहरू बंदरांतील, मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचें काम संगणक निकामी झाल्यामुळें विस्कळीत झालें. भाईंदरहून दिसणारेंहि नाहीं इतकें दूरचें तें संकट, पण ज्याचा माल कंटेनरांतून परदेशीं जातो त्या कारखानदारास तें शेजारचेंच होय. प्रामाणिकपणें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डांचाहि उपयोग करीत असल्यामुळें ठिगळ लावलेलीं यंत्रेंहि सर्वस्वीं निर्धास्त नव्हतीं. म्हणून वह्यांची एक प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवण्याची गरज कोणत्याहि प्रणालीनें टळत नाहीं.

आतां मुदतीचा हिशेब कसा करावयाचा, तें पाहूं. ह्यांत चतुर माणसेंहि चुकतात. माझ्या एका मामांचा पूर्वेस डबे व ताटें करण्याचा कारखाना आहे. २०१९ सालीं त्यांनीं नवा सर्व्हर घेतला, तेव्हां एका दुकानदारानें त्यांना विंडोज सर्व्हर २०१२ हा शिल्लक राहिलेला माल सवलतीनें दिला, व "विंडोज सर्व्हरला दहा वर्षें पाहावें लागत नाहीं" असें आश्वासनहि दिलें. वाक्य खोटें नव्हतें. मायक्रोसॉफ्ट आपल्या सर्व्हरच्या प्रत्येक आवृत्तीस सामान्यतः पांच वर्षें पूर्ण देखभाल व पुढें पांच वर्षें केवळ सुरक्षिततेची देखभाल देतेंच. परंतु हीं वर्षें मोजावयाचीं तीं आवृत्ती बाजारांत आली त्या दिवसापासून. आपण ती विकत घेतली त्या दिवसापासून नव्हे! मामांनीं पैसे मोजले तेव्हां जवळजवळ सात वर्षें सरून गेलेलीं होतीं. दुधाच्या पिशवीवरील तारीख पाहून घेणारे आमचे मामा येथें तारीख पाहावयास विसरले. १० ऑक्टोबर २०२३ रोजीं त्या आवृत्तीची मुदत संपली, आणि मामांस त्याचा पत्ता लागला तो पुढच्या मार्चांत. त्यांचा माल घेणाऱ्या एका निर्यातदारानें एक प्रश्नपत्रिका पाठविली होती, तींत "आपला सर्व्हर कोणत्या प्रणालीवर चालतो, व तिची देखभाल केव्हांपर्यंत आहे?" असा प्रश्न होता. खरें उत्तर लिहावें तर ऑर्डर जाण्याची भीति, आणि खोटें लिहिणें मामांच्या स्वभावांत नाहीं.

विंडोज सर्व्हरच्या पुढील आवृत्त्यांच्या तारखा येथें देऊन ठेवतों. २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७, २०१९ ची ९ जानेवारी २०२९, २०२२ ची १४ ऑक्टोबर २०३१, आणि २०२५ ह्या आवृत्तीची २०३४ सालापर्यंत आहे. नवी आवृत्ती महाग व जुनी स्वस्त दिसते; पण किंमतीस उरलेल्या वर्षांनीं भागून पाहिलें म्हणजे बहुधा उलटेंच आढळतें. साधा भागाकार आहे. आमच्या शाळेंतील पांचवीचा विद्यार्थीहि तो वडिलांस करून दाखवूं शकेल.

मुदत लांब असली म्हणजे झालें असेंहि नाहीं. मुदत देणारा कोण, हेंहि पाहिलें पाहिजे. ह्याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण सेंटओएस ह्या प्रणालीचें आहे. रेड हॅट ही कंपनी आपली लिनक्स प्रणाली वार्षिक वर्गणी घेऊन देते व प्रत्येक आवृत्तीची दहा वर्षें देखभाल करते; पुण्यांतहि तिचें मोठें कार्यालय आहे. ह्या प्रणालीचा मूळ मजकूर खुला असल्यामुळें, २००४ सालापासून कांहीं मंडळी त्याचीच हुबेहूब प्रत करून ती सेंटओएस ह्या नांवानें फुकट देऊं लागली. दहा वर्षांची देखभाल आणि तीहि विनामूल्य! जगभर हजारों लहान धंद्यांनीं ती घेतली ह्यांत नवल नाहीं. २०१४ सालीं रेड हॅटनें ह्या मंडळींस आपल्या पंखाखालीं घेतलें, व २०१९ मध्यें खुद्द रेड हॅट कंपनी आयबीएमच्या मालकीची झाली. सेंटओएसची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्यें आली. ती २०२९ पर्यंत चालेल अशी सर्वांची अपेक्षा होती. आणि ८ डिसेंबर २०२० रोजीं जाहीर झालें कीं, ती ३१ डिसेंबर २०२१ रोजींच बंद होईल. नऊ-दहा वर्षांचा भरंवसा सव्वादोन वर्षांवर आला. चमत्कार असा कीं, तिच्याहून जुनी असलेली सातवी आवृत्ती ठरल्याप्रमाणें ३० जून २०२४ पर्यंत चालली. म्हणजे जो उत्साहानें पुढें गेला तोच आधीं उघड्यावर पडला.

ह्यांत कंपनीचा दोष किती, ह्यावर मतभेद आहेत. जी वस्तु फुकट घेतली तिजबद्दल तक्रार करण्याचा हक्क कितपत पोहोंचतो, हा प्रश्न मला तरी सोपा वाटत नाहीं. पण धंदेवाल्यानें घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे: ज्याच्याशीं आपला लेखी करार नाहीं त्याच्या दहा वर्षांच्या शब्दावर आठ वर्षांचा बेत रचूं नये, व रचल्यास पळवाट ठेवावी. सेंटओएसच्या बाबतींत पळवाट सुदैवानें निघाली. २०२१ च्या मार्चअखेर अल्मालिनक्स व त्याच वर्षाच्या जूनमध्यें रॉकी लिनक्स अशा दोन प्रणाली त्याच धर्तीवर निघाल्या, व जुन्या यंत्रांस फारशी मोडतोड न करितां तिकडे नेतां आलें. ह्या दोघींच्या आठव्या आवृत्तीस २०२९ पर्यंत व नवव्या आवृत्तीस २०३२ पर्यंत देखभाल देण्याचें त्यांनीं जाहीर केलें आहे. परंतु २०२३ च्या जूनमध्यें रेड हॅटनें आपला मजकूर सरसकट सर्वांस देण्याचें थांबविलें, तेव्हां ह्या दोघींसहि आपापली रीत बदलावी लागली, हेंहि ध्यानांत ठेवावें.

डेबियनची गोष्ट निराळी. ती १९९३ पासून चालत आलेली असून तिला मालकच नाहीं; देशोदेशींचे स्वयंसेवक ती चालवितात. मालक नसल्यामुळें ती कोणी विकत घेऊं शकत नाहीं, व विकत घेऊन बंदहि करूं शकत नाहीं. साधारण दोन वर्षांनीं नवी आवृत्ती येते. प्रत्येकीस पहिलीं तीन वर्षें पूर्ण देखभाल व पुढें दोन वर्षें दीर्घकालीन देखभाल, अशी एकूण पांच वर्षें मिळतात. जून २०२३ मध्यें आलेली बारावी आवृत्ती जून २०२८ पर्यंत, हा तिचा हिशेब. उबुंटू ही डेबियनपासूनच निघालेली, पण तिच्यामागें कॅनॉनिकल नांवाची कंपनी उभी आहे. दर सम वर्षाच्या एप्रिलमध्यें तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती निघते आणि तारीख तिच्या नांवांतच असते: २४.०४ म्हणजे २०२४ चा चौथा महिना. तिला २०२९ पर्यंत पांच वर्षें विनामूल्य देखभाल आहे. मधल्या काळांत निघणाऱ्या दुसऱ्या आवृत्त्या अवघ्या नऊ महिन्यांच्या असतात. त्या हौशी माणसांसाठीं, दुकानासाठीं नव्हेत.

येथें एक बारीक गोष्ट आहे व ती पुष्कळांच्या नजरेंतून सुटते. उबुंटूचीं विनामूल्य पांच वर्षें हीं प्रणालीच्या मुख्य भागासाठीं आहेत; बाहेरच्या मंडळींनीं जोडलेल्या असंख्य उपयुक्त सॉफ्टवेअरांची हमी त्यांत येत नाहीं. ती हमी, व एकंदर दहा वर्षांची मुदत, 'उबुंटू प्रो' ह्या वर्गणींत मिळते. ऑक्टोबर २०२२ मध्यें कंपनीनें ही वर्गणी खाजगी वापरास व अगदीं लहान धंद्यास पांच यंत्रांपर्यंत फुकट केली. म्हणजे भाईंदरच्या सामान्य कारखान्यास ती अर्ज केल्यानें मिळूं शकते. मात्र अर्ज करावयास पाहिजे, आपोआप मिळत नाहीं. शिवाय नवी आवृत्ती निघतांच तिजवर उडी घालण्याचें कारण नाहीं. खुद्द उबुंटूसुद्धां जुन्या दीर्घ मुदतीच्या यंत्रांस, तीन-चार महिन्यांनीं पहिली सुधारून काढलेली प्रत निघेपर्यंत, नव्या आवृत्तीकडे बोलावीत नाहीं.

इतका वेळ प्रणालीच्या आयुष्याचा विचार झाला. आतां वहीच्या आयुष्याचा करूं, कारण प्रणाली ही वहीसाठीं आहे. वस्तु व सेवा कराच्या कायद्याप्रमाणें हिशेबाचीं कागदपत्रें त्या वर्षाचें वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावीं लागतात. २०२३-२४ ह्या वर्षाच्या विवरणाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४. तेथून ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०३०. अर्थात् एप्रिल २०२३ मध्यें फाडलेलें बिल पावणेआठ वर्षें सांभाळावयाचें. धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें आठ आर्थिक वर्षांच्या वह्या ठेवाव्या लागतात. त्यांची प्रत रोजच्या रोज भारतांतील सर्व्हरवर असावी लागते. आणि १ एप्रिल २०२३ पासून वहींतील प्रत्येक फेरफाराचा माग सॉफ्टवेअरनें राखावा लागतो. ह्याखेरीज सर्ट-इन ह्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणें सर्व्हरवर हल्ला झाल्यास सहा तासांत वर्दी द्यावी लागते, व यंत्रांतील नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात.

पांच वर्षांची देखभाल आणि पावणेआठ वर्षांची वही! दोहोंचा मेळ बसत नाहीं, हें उघड आहे. म्हणून वहीच्या आयुष्यांत निदान एकदां तरी बिऱ्हाड हलवावें लागणार, हें निवड करितांनाच गृहीत धरलें पाहिजे. ह्या कामीं डेबियन व उबुंटू ह्यांची मला विशेष थोरवी वाटते. चालू यंत्रावरच एका आवृत्तीवरून दुसरीवर जाण्याची त्यांची वाट जुनी व मळलेली आहे.

तथापि आपल्याकडील धंदेवाल्यास पूर्णपणें मोकळी निवड असतेच असें नाहीं. त्याचा हिशेब बहुधा टॅलीमध्यें असतो. बंगळूरच्या गोएंका पितापुत्रांनीं १९८६ सालीं सुरू केलेल्या कंपनीचें हें सॉफ्टवेअर मुळांत विंडोजसाठीं आहे. लिनक्सवर तें सरळ चालत नाहीं. केवळ पैसे वांचविण्यासाठीं तें आडमार्गानें लिनक्सवर बसविण्याचा खटाटोप करणारे उत्साही तरुण मीं पाहिले आहेत. मार्चअखेरीस तें अडलें म्हणजे त्यांचा उत्साह कोठें जातो, तेंहि पाहिलें आहे. अशा कारखान्यानें मुकाट्यानें विंडोज घ्यावें. विंडोज सर्व्हरला यंत्रामागें निदान सोळा कोअरचा परवाना व त्याशिवाय प्रत्येक माणसामागें किंवा संगणकामागें निराळा परवाना लागतो. परंतु पंचवीस माणसांपर्यंतच्या धंद्यास 'इसेन्शियल्स' नांवाची स्वस्त आवृत्ती आहे, तींत हा दुसरा खर्च नाहीं. मालकाचा साधाच संगणक रात्रंदिवस चालू ठेवून त्यास सर्व्हर म्हणण्याची चालहि पुष्कळ ठिकाणीं आहे, व तीनचार माणसांत ती निभते; मात्र विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे, तेवढें घरीं जाऊन पाहावें.

ज्याचा हिशेब टॅलींत नाहीं, ज्याला केवळ फायली ठेवावयाच्या आहेत किंवा स्वतःचें संकेतस्थळ चालवावयाचें आहे, त्यानें मात्र लिनक्सच घ्यावें असें माझें मत आहे. त्यांतहि रात्री यंत्र अडलें तर स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे राहणारा कोणता माणूस येऊन तें सुरू करील, हें आधीं ठरवावें, व त्याला जी शाखा चांगली येते तीच घ्यावी. डेबियन श्रेष्ठ कीं उबुंटू श्रेष्ठ, हा वाद त्या रात्रीं उपयोगीं पडत नाहीं.

मामांनीं निर्यातदारास खरें तेंच कळविलें, आणि तीन महिन्यांची सवड मागून घेतली. ती मिळाली. जून २०२४ मध्यें त्यांनीं टॅलीसाठीं विंडोज सर्व्हर २०२२ ची इसेन्शियल्स आवृत्ती घेतली. आणि एका जुन्या संगणकावर डेबियन बारावी बसवून तो कारखान्यांत न ठेवितां घरीं ठेवला, रोज रात्रीं वह्यांची प्रत तेथें जाते. दोन्ही यंत्रांवर त्यांनीं कागदाच्या चिठ्ठ्या चिकटविल्या आहेत. एकीवर "१४ ऑक्टोबर २०३१" व दुसरीवर "जून २०२८" असें जाड अक्षरांत लिहिलें आहे. २०२३-२४ ची वही पहिल्या तारखेच्या आंत बसते, २०२४-२५ ची अडीच महिन्यांनीं बाहेर पडते, हें मीं त्यांना दाखविलें तेव्हां त्यांनीं खिशांतून पेन काढून त्याच चिठ्ठीवर खालीं लिहिलें: "नव्या यंत्राचे पैसे २०३० पासून बाजूस ठेवणें."